निर्जन कोणासाठी?

अणुबॉम्ब आणि साहित्य असा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा हटकून गीतेच्या अकराव्या अध्यायाकडे वळते. १६ जुलै १९४५ रोजी पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला आणि ओपेनहायमर यांना विश्वरूपदर्शन आठवले, ही कथा सर्वांना ठाऊक असते. आज सर्वत्र उद्धृत होणारे त्यांचे कथन १९६५ सालचे आहे आणि त्यात गीतेतील 'काल' या शब्दाचा 'मृत्यू' झाला आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. चाचणीचे 'ट्रिनिटी' हे नावही जॉन डन यांच्या कवितेच्या स्मरणातून आले असावे, असे त्यांनी १९६२मध्ये कळवले होते.

या काव्यात्म स्मरणाला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप एवढाच की, त्याच्या तेजात एक साधा प्रश्न दिसेनासा होतो: ते वाळवंट खरोखरच निर्जन होते काय?

स्फोटाच्या जागेपासून वीस मैलांच्या आत गुरे पाळून राहणारी कुटुंबे होती. त्यांना आधी सावध केले गेले नाही. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला, असे खोटे पत्रक लष्कराने काढले. किरणोत्सारी राख कुरणांवर पडली, छपरांवर पडली आणि तेथून पावसाचे पाणी साठवण्याच्या हौदांत उतरली. गुरांच्या पाठीवरचे केस पांढरे झाले. अणुचाचण्यांची झळ पोचलेल्यांसाठी अमेरिकेने १९९० साली भरपाईचा कायदा केला. नेवाडातील चाचण्यांचे बाधित त्यात आले, ट्रिनिटीचे आले नाहीत. त्यांचा समावेश व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. मधल्या ऐंशी वर्षांत कित्येकजण निघून गेले.

म्हणून आम्हांला असे वाटते की, वर्गात ओपेनहायमर यांचे ते कथन वाचताना लष्कराचे पत्रकही शेजारी ठेवावे. एक भयचकित मनाचा उद्गार आहे, दुसरे उघड असत्य. त्यांची नैतिक पातळी एक नव्हे. परंतु तेथील रहिवासी पहिल्यात अनुपस्थित आहेत आणि दुसऱ्यात त्यांचा केवळ ओझरता उल्लेख आहे. 'निर्जन', 'ओसाड' ही विशेषणे वर्णनापुरती असतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती कधीकधी माणसांना हिशेबातून वगळण्याची परवानगी ठरतात. ही परवानगी कोणी, कोणाच्या वतीने दिली, हे विचारणे समीक्षेचेच काम आहे.