मूलिन गांवची भाषा

स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यांत मूलिन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. एके काळीं त्या खोऱ्यांत त्याचें महत्त्व मोठें होतें. पुढें लष्करी सडक, आणि १८६३ सालीं आगगाडीही, खालच्या पिटलॉक्रीवरून गेली व सारी वर्दळ तिकडे वळली. गांवाजवळ चौदाव्या शतकांतील किल्ल्याच्या पडक्या भिंती आहेत. प्रवासी त्या पाहून परततात. याहून मोठी पडझड तेथें झाली आहे, परंतु ती डोळ्यांना दिसत नाहीं. ती भाषेची.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मूलिनच्या लोकांची घरची भाषा गेलिक होती. अलेक्झांडर स्ट्यूअर्ट हे तेथील पाळक. १७९६ सालीं केंब्रिजचे चार्ल्स सिमियन प्रवासांत तेथें आले. त्यांच्या सहवासानें खुद्द पाळकसाहेबांचेंच अंतःकरण पालटलें, आणि थोड्याच वर्षांत गांवांत मोठी धर्मजागृति झाली. मिशनच्या इतिहासांत ही हकीकत आढळते. परंतु याच स्ट्यूअर्ट यांनीं १८०१ सालीं गेलिक भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. लोकांच्या आत्म्याची काळजी वाहणाऱ्यानें त्यांच्या क्रियापदांचीहि काळजी वाहावी, हें आम्हांस फार गोड वाटतें.

त्या जागृतींत मन पालटलेल्यांपैकीं एक जेम्स डफ. त्यांचे पुत्र अलेक्झांडर १८०६ सालीं मूलिनच्या हद्दींतच जन्मले. वडिलांनीं ऐकविलेल्या डुगाल्ड बुकॅनन यांच्या गेलिक काव्यांचा ठसा या मुलाच्या मनावर कायमचा उमटला. हेच पुढें डॉ. डफ. वाटेंत जहाज फुटून त्यांचा ग्रंथसंग्रह समुद्रांत गेला. तरी १८३० सालीं कलकत्त्यास पोहोंचून राममोहन राय यांच्या साहाय्यानें त्यांनीं शाळा काढली. उच्च ज्ञान इंग्रजींतूनच द्यावें, असा त्यांचा आग्रह. त्या शाळेचे आपल्यासारख्या शाळांवर उपकार आहेत, हें आम्ही विसरत नाहीं. पण ज्या मुलाचें मन गेलिक काव्यानें घडलें, त्यानें देशभाषांना मागचें बांक द्यावें, याचें आम्हांस नवल वाटतें.

मूलिनची गेलिक पुढें लोपली. १८७२ च्या कायद्यानें स्कॉटलंडांत शिक्षण सक्तीचें झालें. त्यांत गेलिकसाठीं कांहींच तरतूद नव्हती.

मुंबईस १८२९ सालीं आलेले डॉ. जॉन विल्सन हेही स्कॉटिशच. त्यांनीं प्रथम मराठी शिकून घेतली, आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीं मुलींसाठीं मराठी शाळा काढल्या. आम्हांस अनुकरणीय वाटतो तो हा मार्ग.

कित्येक पालक म्हणतात, “मास्तर, मराठी काय, घरीं येतेच!” घरीं बोलणें येतें, खरें. पण अर्ज लिहिणें, ओवी समजणें, शास्त्रपाठ अर्थासह वाचणें, हें कोणत्या घरीं आपोआप येतें? आमच्या वर्गांत उत्तम इंग्रजी निबंध लिहिणारीं मुलें आजीस चार ओळींचें पत्र लिहितांना अडतात. यास्तव मराठीचा एक तास कमी करून तो इंग्रजीस द्यावा, अशी जी सूचना पालकांकडून येत असते, तीस आमचा विरोध आहे. इंग्रजीस वेळ हवा असेल तर तो शाळा सुटल्यावर द्यावा; आम्ही थांबावयास तयार आहों.