मालवणचं स्कूबा : मासे दिसले म्हणजे प्रवाळ चांगलं का?

कराड : दिवाळीची सुट्टी लागली की कराड, पाटण, वाळवा भागातल्या गाड्या गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरून मालवणला लागतात. किल्ला, मासे आणि आता स्कूबा डायव्हिंग. पोहायला न येणाराही गाइडच्या आधाराने खाली जातो, वर आला की स्टेटसला व्हिडिओ. व्हिडिओत मासे भरपूर असले की पैसे वसूल. पाणी गढूळ असलं की शिव्या.

गडबड इथंच आहे. ब्रेडचा चुरा टाकला की मासे कुठंही गोळा होतात. खालचं प्रवाळ जिवंत आहे की मेलेलं, हे त्यावरून कळत नाही. रस्त्यावरून हिरवागार ऊस बघून 'पीक झकास' म्हणणाऱ्याला मुळाशी लागलेली हुमणी थोडीच दिसते?

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारीक जिवांची वसाहत. (अंगठीतलं पोवळं वेगळ्या जातीचं.) या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, अन्न आणि रंग त्याच्याकडून मिळतो. समुद्र नेहमीपेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. नवख्याला तोच रंग देखणा वाटतो; खरं तर ते उपाशी असतं. मालवणच्या समुद्रातही संशोधकांनी हे नोंदवलं आहे.

तापणारा समुद्र मालवणकरांच्या हातात नाही. प्रवाळावर टाकलेला नांगर आणि फोटोसाठी त्यावर दिलेला पाय मात्र हातातला आहे. गोल, थोराड प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभरच वाढतं. एका लाथेत तुटलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं जातात. इथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहे. तुकडा खिशात घालून आणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

गाइड बहुतेक तिथल्याच कोळी-गाबीत घरातली पोरं. समुद्र त्यांना कळतो. पण गिऱ्हाईक मासेच मागतं, म्हणून ब्रेड टाकला जातो. बोट नांगर टाकते की बोयाला बांधते, हे पैसे देण्याआधी विचारणारा पर्यटक भेटला तर धंद्याची रीतही बदलेल.

नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' युद्धनौका निवती खडकाजवळ बुडवून तिथं पाण्याखालचं संग्रहालय करायची सरकारी योजना आहे. लोखंडावर पाय पडला तर फारसं बिघडत नाही. किल्ल्याजवळची गर्दी तिकडं वळली तर इथल्या प्रवाळाला थोडी उसंत मिळेल.