देशावरची फौज आणि समुद्राचा हिशेब

१७३३ च्या उन्हाळ्यात छत्रपती शाहू महाराजांनी साताऱ्याहून बाजीराव पेशवे व फत्तेसिंह भोसले यांना जंजिऱ्याच्या सिद्दीवर रवाना केले. देशावरची फौज किनाऱ्याला धडाक्याने भिडली. रायगडही परत आला. पण तो घेतला प्रतिनिधींनी, आणि तेवढ्यावरून पेशवे व प्रतिनिधी यांच्यात बेबनाव झाला. पाण्यावरचा सारा भार सेखोजी आंग्र्यांवर होता. पाऊस लागला, ऑगस्टात सेखोजी वारले आणि वर्षअखेर तह करून बाजीराव परतले. जंजिरा होता तेथेच राहिला. शौर्याची वाण नव्हती. जमीन व पाणी यांवर एकच हुकूम चालत नव्हता, एवढेच. १६६५ साली शिवाजी महाराज स्वतः आरमारासह बसरूरवर गेले, तेव्हा तो चालत होता.

हे मर्म इंग्रजांनी ओळखले. १७५६ साली विजयदुर्गावर वॉटसनच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले आणि क्लाइव्हची पलटण किनाऱ्यावर उतरून किल्ल्याच्या जमिनीकडील बाजूस उभी राहिली. मदतीस आलेल्या पेशव्यांच्या फौजेला किल्ला मिळू नये, हाही त्यात हेतू होता!

स्वतंत्र भारताने हा धडा पुरता गिरवला, असे म्हणवत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारजवळ गुरखा जवान ‘घडियाल’ व ‘गुलदार’ या जहाजांतून उतरविण्यात आले. समोर प्रतिकार करणारे कोणी नव्हते. परंतु किनाऱ्याची पुरेशी पाहणी झालेली नव्हती, जवानांना अशा उतरणीचा सराव नव्हता. जहाजे वाळूच्या दांड्यावर अडली आणि काही जवान बुडून मेले.

त्यानंतर अंदमानात २००१ साली तिन्ही दलांचे संयुक्त मुख्यालय झाले, २००७ मध्ये अमेरिकेकडून जुने ‘जलाश्व’ घेतले गेले. अशा प्रकारची चार मोठी जहाजे बांधण्यासाठी २०१३ च्या सुमारास काढलेली निविदा मात्र २०२० मध्ये मागे घेण्यात आली. वस्तुतः नौदलाच्या या दुबळेपणाची झळ प्रथम पायदळाला लागते. सातारा-सांगलीला समुद्र नाही, हे खरे; पण मराठा लाइट इन्फंट्रीत पिढ्यान्‌पिढ्या भरती होणारी मुले याच जिल्ह्यांची आहेत, आणि उद्या एखाद्या बेटावर फौज उतरवायची वेळ आली तर कृष्णेकाठी पोहायला शिकलेल्या या मुलांनाही भरसमुद्रात तराफ्यावर उतरावे लागेल. आपल्या मुलाला त्याचा सराव किती वेळा मिळाला, हे विचारण्याचा अधिकार अपशिंग्याच्या माणसाला आहेच.