आपली पहिली ऑनसाइटवाली

डिसेंबरच्या सुट्टीत इटलीला जाणार असाल, तर पिसाचा मनोरा हाताने पेलतानाचा फोटो राहिला तरी चालेल. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाला अर्धा दिवस द्याच. आम्ही दोघं जालन्याचे, म्हणून जरा जास्तच आग्रह!

तिथे वीतभर उंचीची हस्तिदंती बाई आहे. इ.स. ७९ मध्ये पॉम्पेईबरोबर राखेत गाडली गेली, १९३८ साली सापडली. लोक 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, अभ्यासक बहुधा यक्षी. तिच्याशी मिळतीजुळती भग्न हस्तिदंती मूर्ती निघाली आपल्या भोकरदनच्या उत्खननात. त्यामुळे हिचं माहेरही भोकरदनच असावं, असा तर्क आहे.

बायको काचेसमोरून हलेना. "परत न्यायला हवी," म्हणाली. मला नाही पटत. व्यापारातून गेलेली ती. लूट नव्हे, एक्स्पोर्ट! भोकरदनच्या एसटी स्टँडवर तिची प्रतिकृती मात्र हवीच. अजिंठ्याला जाणारे तिथे चहापुरतेच थांबतात.