निकाल पहिला, प्रश्न मागे

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गचा कोकण विभाग राज्यात पहिला, हे आता ठरून गेल्यासारखे झाले आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर आपल्या विभागाचा ९८.८२ टक्के लागला. त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शंभरातील जवळजवळ नव्याण्णव मुले जेथे उत्तीर्ण होतात, तेथे उत्तीर्ण होणे ही शिक्षणाची कसोटी उरत नाही.

आजच्या वर्गात प्रश्न धड्याखाली छापलेला असतो आणि उत्तर मार्गदर्शकात तयार असते. शिक्षकाने ते सांगावे, विद्यार्थ्याने उतरवून घ्यावे आणि परीक्षेत जसेच्या तसे परत करावे. या व्यवहारात मुलाचा स्वतःचा प्रश्न कोठेच येत नाही. खाडीकाठचे मूल खारफुटीची व्याख्या घडाघडा म्हणते. पण घरामागचे कांदळ म्हणजेच ती खारफुटी, हे त्याला कोणी दाखविलेले नसते.

हा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी प्रशिक्षित आणि पुरेसे वेतन मिळणारा शिक्षक मागितला होता. प्रसंगी नांगर धरण्यास न लाजणारा शिक्षक त्यांना हवा होता. आज नवा शिक्षक तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर राबतो. वाडीवरच्या शाळेत दोघांनी सारे वर्ग सांभाळायचे, त्यातच निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहितीचे तक्ते भरायचे. मुलाचा प्रश्न ऐकून घेण्यास त्याच्यापाशी उसंत कोठून असणार?

बाबासाहेबांनी त्या काळच्या औरंगाबादेत महाविद्यालय उभारले, त्यास 'मिलिंद' हे नाव दिले आणि परिसर 'नागसेनवन' झाला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हे त्याच्या शंकांना न कंटाळता उत्तरे देणारे भिक्खू. विद्यार्थ्याने निःशंक मनाने विचारावे आणि गुरूने त्या विचारण्याचा राग मानू नये, हा शिक्षणाचा संपूर्ण आदर्श या दोन नावांत सामावला आहे.

निवासी शाळेस या बाबतीत एक मोठी अनुकूलता आहे. येथे घंटा झाल्यावर शिक्षण संपत नाही. सायंकाळचा अभ्यासवर्ग, भोजनाची पंगत, रात्री वसतिगृहाच्या ओट्यावरील गप्पा, हे सारे प्रश्नांचेच तास होऊ शकतात. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर महिन्यातील एक सायंकाळही द्यावी. आपला व्यवसाय मुलांपुढे मांडावा आणि त्यांना विचारू द्यावे. पालकांनीही सुटीत घरी आलेल्या मुलाला 'किती गुण मिळाले?' याच्या आधी 'या महिन्यात तू काय विचारलेस?' असे पुसावे.

निकालात आपण पहिले आहोतच. आपल्या मुलांचा हात परीक्षेत उत्तर लिहिण्यासाठी जितका चालतो, तितकाच तो वर्गात प्रश्न विचारण्यासाठी वर जाईल, त्या दिवशी हा पहिला क्रमांक खऱ्या अर्थाने आपला होईल.