तयार फोल्डर मागू नका

मंडळी, परवा पुन्हा एकाचा फोन. "तुझ्याकडे झेड ३७० बोर्डाची चालणारी ईएफआय आहे ना? दे की पाठवून. पाच मिनिटांचं काम!" मी नाही म्हणालो. त्याला राग आला. येऊ दे. का नाही म्हणालो ते एकदा सविस्तर लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आधी नातेवाईकांसाठी थोडंसं. सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीवर ॲपलची मॅकओएस चालवायची, याला हॅकिन्टॉश म्हणतात. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले, तेव्हापासूनचा हा उद्योग. ॲपलच्या परवान्यात तो बसत नाही, त्यामुळे मी काही संत असल्याचा आव आणत नाही. मॅकओएसला आपण खऱ्या मॅकवरच आहोत असं पटवून द्यावं लागतं. ते काम ओपनकोअर नावाचा बूटलोडर करतो, आणि त्यासाठी लागणारी माहिती ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये असते. ग्राफिक्स कार्ड कुठलं, आवाजाची चिप कुठली, यूएसबीचे पोर्ट कुठले, आणि हो, एक बनावट सिरियल नंबरसुद्धा.

थोडक्यात काय, ते फोल्डर म्हणजे एका विशिष्ट डब्याचं वर्णन. दुसऱ्याचं उचलणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखं. नाकावर बसतो, पण नंबर त्याचा!

आता माझं पाप सांगतो. सांगलीचा माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ करतो. कोरोनाने २०२० चा हंगाम बुडवला, नवा मॅक घेणं शक्य नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये मी त्याला आठव्या पिढीचा आय सेव्हन आणि आरएक्स ५८० कार्ड घालून पीसी जोडून दिला, वर बिग सर. ईएफआय? ओळखीतल्या एकाकडे तोच बोर्ड होता, त्याची उचलली. पहिल्या फटक्यात चालू. मावशीने शिरा केला. मी खूष!

महिन्याभरात तक्रार आली. पीसी झोपेतून उठला की बाहेरची हार्ड डिस्क तुटते. मी काय म्हणालो? "झोपवूच नकोस, चालू ठेव." आयमेसेज चालेना, कारण सिरियल नंबर त्या ओळखीच्याचाच होता, एका आधार क्रमांकावर दोन माणसं! मी म्हणालो, "तुला कशाला हवाय आयमेसेज?" याला मी तेव्हा दुरुस्ती म्हणत होतो.

नोव्हेंबर २०२१. तुळशीचं लग्न झालं, दीड वर्षाने पहिल्यांदा धडाधड बुकिंग. एका रात्री त्याने बिग सरचंच पुढचं अपडेट दाबलं. सफरचंद, अर्धी पट्टी, रीस्टार्ट. पुन्हा सफरचंद, अर्धी पट्टी, रीस्टार्ट. मी पुण्याहून फोनवर. बूट होताना सरकणाऱ्या ओळींचे फोटो तो पाठवतोय, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. मग मी काय केलं असेल? आणखी दोघांकडून आणखी दोन ईएफआय मागवल्या! एकीने कीबोर्ड मेला, दुसरीने स्क्रीन काळी. तीन दिवस गेले. एका लग्नाचं काम त्याला पदरचे पैसे घालून दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं.

शनिवारी रात्रीची एसटी पकडून गेलो आणि पहिल्यांदा ते फोल्डर नीट वाचलं. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर फक्त १५ पोर्ट धरते. या बोर्डाच्या कंट्रोलरवर २६. त्यात निळ्या खाचेचे दोन मोजले जातात, यूएसबी २ चा वेगळा आणि ३ चा वेगळा. ही मर्यादा उठवणारी एक सेटिंग असते, पोर्ट मोजून होईपर्यंत तात्पुरती वापरायची. आमच्या दानशूर मित्राने ती कायमची चालू ठेवली होती. एप्रिल २०२१ च्या ११.३ पासून तीच सेटिंग पीसीला रीस्टार्टच्या चक्रात अडकवते. बस्स. ती बंद केली. त्याच डब्यातल्या विंडोजमध्ये जाऊन एकेका खाचेत पेनड्राइव्ह घालून वहीत मांडणी लिहिली, लागणारे १५ ठेवले, बाकीचे वगळले. सिरियल नंबरही नवा केला. चहासकट दोन तास! हार्ड डिस्कचं तुटणंही त्या दिवसापासून थांबलं.

भाऊ काही बोलला नाही. मावशी एवढंच म्हणाली, "तू केलंस म्हणून त्याने डोळे मिटून वापरलं रे." ते अजून टोचतं.

तयार फोल्डर वाटणं म्हणजे मदत, असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. बिघडल्यावर तुम्ही येणार आहात का? ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांनी कुठली ओळ कशासाठी ते फुकट लिहून ठेवलंय. ती मदत. फोल्डर म्हणजे बिघाड पुढच्यावर ढकलणं. आणि 'वेळ नाही' म्हणणाऱ्यांनो, माझे दोन तास वाचले होते. त्याचे तीन दिवस गेले, वर पैसे.

कुणी म्हणेल, आता हे उकरून काय उपयोग? ॲपलने २०२० मध्येच स्वतःच्या चिपची वाट धरली, आणि २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस. कबूल. पण म्हणूनच सांगतोय! घराघरांतले हे डबे लगेच भंगारात जाणार नाहीत. हात घालणारे मात्र कमी होत जातील, आणि आयती ईएफआय मागायलाही कुणी उरणार नाही. तेव्हा स्वतःचा डबा ज्याला कळतो त्याचाच चालेल.

असो. बरंच लिहिलं. ज्याला राग आला त्याने रविवारी पीसी आणि वही घेऊन यावं. फोल्डर मिळणार नाही, पोर्ट मात्र दोघं मिळून मोजू.