उंदरापासून माणसाला, पण माणसापासून माणसाला?

उंदरापासून जडणारा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकशास्त्राचा आहे. परंतु रुग्णाला कोठे ठेवावयाचे, त्याच्या शेजाऱ्यांना घरात थांबवावयाचे की नाही, आणि थांबविल्यास त्यांची चूल कशी पेटावयाची, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून तो राज्यकारभाराचाही प्रश्न आहे.

कोरियातील हंतान नदीवरून नाव मिळालेल्या हंटा विषाणूंचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. उंदरांच्या मलमूत्राने दूषित झालेली धूळ श्वासावाटे आत गेली की माणसाला त्यांची बाधा होते. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात निरोगी तरुण श्वास कोंडून मरण पावू लागले. त्यांत नवाहो आदिवासी होते. हा आजार माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तरीही त्याला 'नवाहो फ्लू' असे नाव देऊन एका संपूर्ण जमातीला अस्पृश्यासारखे वागविण्यात आले.

तीनच वर्षांनी याच्या उलट घडले. हंटा विषाणू माणसामाणसांत पसरत नाहीत, हा तोवर सिद्धान्तच होऊन बसला होता. १९९६ साली अर्जेंटिनातील एल बोल्सोन येथे अँडीज नावाच्या हंटा विषाणूची साथ उद्भवली आणि रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टरच आजारी पडले. तो उंदीर जेथे आढळत नाही अशा ब्यूनोस आयरेसमध्येही एका डॉक्टरला बाधा झाली. रुग्णांच्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहता संसर्गाची साखळी माणसांमधून गेल्याचे स्पष्ट झाले.

उरलासुरला संशय चुबुत प्रांतातील एपुयेन या लहानशा गावाने फेडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे शंभर पाहुण्यांच्या एका वाढदिवसाच्या समारंभास तापाने फणफणलेला एक जण हजर राहिला. उंदराकडून विषाणू माणसात आला तो एकदाच; पुढील प्रवास माणसांमधून झाला. फेब्रुवारी २०१९ पर्यंत ३४ जणांना बाधा झाली आणि ११ जण दगावले. प्रारंभी एक रुग्ण सरासरी दोघांना बाधित करीत होता. विलगीकरण सुरू झाल्यावर हे प्रमाण एकाच्या खाली आले. खात्रीचे औषध नसताना केवळ अंतर राखून साथ आटोक्यात आली. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने ८५ रहिवाशांना तीस दिवस घरात राहावे लागले.

तेव्हा उत्तर असे : बहुतेक हंटा विषाणू माणसामाणसांत पसरत नाहीत, अँडीज विषाणू निश्चितपणे पसरतो. 'सर्वच पसरतात' असे मानले तर निरपराध समाज बहिष्कृत होतो. 'कोणताच पसरत नाही' असे मानले तर शुश्रूषा करणाऱ्याचा बळी जातो. दोन्ही चुकांची किंमत सामान्य माणूसच मोजतो.

आणखी एक हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मांडलाच पाहिजे. घरात तीस दिवस थांबणे हे पगारदाराला गैरसोयीचे असते. रोजंदारीवर जगणाऱ्याला ते उपासमारीचे असते. तो थांबतो तेव्हा लाभ साऱ्या गावाला होतो. मग त्याची बुडालेली मजुरी त्याच्या एकट्याच्या माथी का? विलगीकरण हेच जेथे औषध असते, तेथे त्या औषधाचे मूल्य समाजाने चुकते केले पाहिजे. साथीच्या काळात गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याने रुग्णापासून दूर राहण्याची सूचना अवश्य द्यावी. परंतु दूर राहणाऱ्याच्या घरात धान्य आहे की नाही, हेही त्याने त्याच फेरीत विचारावे.